हात धुवायची रांग: टॉडलर गटातल्या चावण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे ज्या केंद्रात घडलं तिथे दीड ते सहा वर्षांची मुलं येतात. गट तीन: दीड ते तीनचा टॉडलर गट, तीन ते चारची नर्सरी आणि त्यापुढची केजी. मी तेव्हा तिन्ही गटांची समन्वयक होते. मुलांची नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम आणि नोंदवहीतले आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावरच उभं आहे.

टॉडलर गटात १२ मुलं आणि दोन ताई. अमेरिकेत बालशिक्षण केंद्रांना मान्यता देणाऱ्या एनएईवायसी या संस्थेचा २१ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठीचा निकषही एवढाच आहे: एका गटात जास्तीत जास्त १२ मुलं, सहांमागे एक मोठं माणूस. नवे पालक केंद्र बघायला आले की हा आकडा मी छाती पुढे काढून सांगायचे. सहांमागे एक हा कागदावरचा हिशेब आहे, आणि दिवसातली काही मिनिटं अशी असतात की बारांमागे एकही डोळा मोकळा नसतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

खोलीबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. फडताळावर प्रत्येक वस्तू एकेकच होती. एक मोठा लाल ट्रक, एक ढकलगाडी, एक खेळण्यातला फोन. ही पद्धत आमच्या नर्सरीतून आलेली. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर सुरू केलं. त्यांच्या पद्धतीच्या वर्गांत साधन मुद्दाम एकेकच ठेवतात, म्हणजे दुसऱ्याचं काम संपेपर्यंत थांबायची सवय लागते. तीनच्या पुढच्या मुलांना हे जमतं, छानच जमतं. आम्ही तोच नियम उचलून दोन वर्षांच्या मुलांच्या खोलीत नेऊन ठेवला. का, असं कुणी विचारलं असतं तर 'आपल्याकडे तसंच आहे' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नील आमच्याकडे आला तेव्हा २५ महिन्यांचा होता. अंगाने दणकट, हसरा, आईला सोडताना रडायचा पण पाच मिनिटांत रमायचा. शब्द जेमतेम पंधरा, त्यातले निम्मे घरच्यांनाच कळणारे. दोन वर्षांचं मूल साधारण पन्नास शब्द बोलतं आणि दोन शब्द जोडू लागतं, असा ढोबळ अंदाज सगळीकडे वापरतात. प्रवेशाच्या फॉर्मवर त्याचे शब्द आम्ही लिहून घेतले होते. मग फॉर्म फाइलला लावला आणि फाइल कपाटात गेली.

अडचण

नील येऊन दोन महिने झाले असतील. त्यानंतरच्या तीन आठवड्यांत अपघात नोंदवहीत चावण्याच्या सात नोंदी झाल्या आणि त्यातल्या सहा नीलच्या नावावर होत्या. शेवटच्या नोंदीत चावा बसला होता तो रेवाला. रेवा २९ महिन्यांची. गालावर खालच्या-वरच्या दातांची दोन लालबुंद अर्धवर्तुळं उमटली होती. ताईंनी साबण-पाण्याने गाल धुतला, थंड पट्टी ठेवली, दोन्ही घरी फोन केले. कातडी फुटली नव्हती. फुटली असती तर डॉक्टरांकडे नेलं असतं, आणि तेही दोघांना. रक्ताचा संबंध चावणाऱ्याच्या तोंडाशीही येतो, हे घाईत विसरलं जातं.

संध्याकाळी रेवाचे आईबाबा आले. बाबांनी पहिल्यांदा रक्तातून पसरणाऱ्या आजारांबद्दल विचारलं. कातडी शाबूत असली की ती भीती नसते, एवढं मी शांतपणे सांगितलं. पुढचं मात्र मी बिघडवलं. म्हटलं, "या वयात हे अगदी नॉर्मल असतं हो. गटात वाढणारी एक ते तीन वयाची मुलं चावतातच. बोलायला लागली, तीन-साडेतीनची झाली की आपोआप थांबतं."

यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण पोरीच्या गालाकडे बघत उभ्या असलेल्या आईला तो ऐकवणं म्हणजे तुमच्या तक्रारीत काही दम नाही, असं सांगण्यासारखंच. रेवाची आई काहीच बोलली नाही. बाबा म्हणाले, "सोमवारपासून एक तर तो मुलगा येईल, नाही तर आमची मुलगी."

कोण चावलं हे दुसऱ्या पालकांना सांगायचं नाही, असा आमचा नियम. आम्ही तो पाळलाही. उपयोग शून्य. रेवाला "नील हाऽऊ" म्हणता येत होतं, आणि शुक्रवारच्या रात्रीपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात सगळ्यांना सगळं कळलेलं होतं. त्याहून वाईट म्हणजे आम्ही तोंडाने नाव घेत नसलो तरी अंगाने घेत होतो. नील कुणाजवळ गेला की दोन्ही ताईंची मान वळायची. सोमवारी केजीतली एक पाच वर्षांची मुलगी व्हरांड्यातून जाताना आमच्या खिडकीला नाक लावून म्हणाली, "तो बघ, चावरा." केजीच्या ताईंनी तिला दटावलं नाही. त्या दिवशी बाळं बोलता येत नसताना राग कसा सांगत असतील, यावर गोलात गप्पा घेतल्या. केजीच्या मुलांनी ओरडणं, ढकलणं, रडणं, जमिनीवर लोळणं अशी यादी केली, आणि शेवटी त्याच मुलीने 'चावणं' हा शब्द घातला. या प्रकरणात मोठ्यांच्या हातून वेळेवर झालेली अशी हीच पहिली गोष्ट.

नीलची आई रोज संध्याकाळी उशिरा येऊ लागली. ऑफिसचं कारण सांगायची. बाकीचे पालक गेल्यावर यायचं, म्हणजे फाटकापाशी "आज पण चावला" हे चारचौघांत ऐकावं लागत नाही, एवढा तो साधा हिशेब होता. तो समजायला आम्हाला तीन आठवडे लागले.

समोरचे पर्याय

सोमवारी सकाळी आम्ही चौघी बसलो: गटाच्या दोन ताई, नर्सरीच्या ताई आणि मी. समोर आलेले पर्याय जसे बोलले गेले तसे लिहिते.

नीलच्या घरच्यांना महिनाभर थांबायला सांगावं, हा पहिला. रेवाचे पालक शांत झाले असते. पण चावणं ज्या खोलीत होतं तिथेच ते सोडवायचं असतं. मूल घरी बसवून ते सुटत नाही, परत आल्यावर तेच सुरू होतं. शिवाय पुढच्या वेळी दुसरं मूल चावलं की त्यालाही घरी पाठवायचं का, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

दुसरा, त्याला वर नर्सरीत बसवावं. तिथली मुलं मोठी, बोलकी, तो चावला तर हात झटकून बाजूला होतील. मला हा पर्याय आवडला होता, हे आधीच कबूल करते.

तिसरा, एका ताईने सावलीसारखं नीलच्या मागे राहावं. चौथा, ट्रक आणखी आणावेत, कारण सातांतल्या तीन नोंदी ट्रकवरून होत्या, निदान आमच्या आठवणीत तरी. पाचवा पर्याय धाकट्या ताईंचा: आधी दहा दिवस नीट बघू आणि मग ठरवू. "पालक दहा दिवस थांबणार नाहीत," असं म्हणून मी तो बाजूला सारला.

नीलच्या आजीने फोनवर एक उपाय सुचवला होता: आपणही त्याला हळूच चावून दाखवावं, म्हणजे दुखतं ते कळेल. मोठी माणसंसुद्धा चावतात एवढंच मूल त्यातून शिकतं. तो आम्ही चर्चेलाही घेतला नाही. कोपऱ्यात एकटं बसवायची शिक्षाही नाही. दोन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांपूर्वीचं चावणं आणि आत्ताचा कोपरा यांची सांगड घालता येत नाही.

काय केलं: पहिला आठवडा

सावली आणि ट्रक, दोन्ही एकदम सुरू केले. रेवाच्या बाबांना फोन करून सांगितलं की एक ताई पूर्ण वेळ लक्ष ठेवतील. त्यांनी आठवडाभराची मुदत दिली.

त्या आठवड्यात नील एकदाच चावला. कागदावर यश दिसत होतं. प्रत्यक्षात एक ताई एका मुलाला चिकटलेली आणि दुसरी एकटी ११ मुलांत. गुरुवारी दुसऱ्याच एका मुलाच्या पाठीवर दातांची खूण आढळली. कुणाची, ते कुणालाच माहीत नव्हतं. धाकट्या ताई खुणेची रुंदी बोटांनी मोजून कुणाच्या जबड्याशी जुळते ते बघत होत्या. तेव्हा हसू आलं. नंतर आलं नाही, कारण नील त्या वेळी थोरल्या ताईंच्या मांडीवर होता, म्हणजे चावणारं मूल वेगळंच होतं. आणि त्या मुलाकडे आमच्यातलं कुणीच बघत नव्हतं.

सावलीचा नीलवरही परिणाम झाला. कुणाच्या दीड हात जवळ गेला की मोठा हात आडवा यायचा. तो दुसऱ्या मुलांकडे जायचंच सोडू लागला.

काय केलं: नर्सरीतले चार दिवस

मग मी माझा आवडता पर्याय वापरला. नीलला नर्सरीत हलवलं.

चार दिवसांत तिथे एकदाही चावणं झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याची चड्डी ओली होऊ लागली, तोवर आठवडाभर कोरडी राहत होती. तिसऱ्या दिवशी तो दोन्ही खोल्यांमधल्या दारापाशी उभा राहू लागला, कपाळ दाराच्या फळीला टेकवून. नर्सरीच्या ताईंनी चौथ्या दिवशी सांगितलं, "अहो, तो काही बोलतच नाही. 'पाणी' म्हणायचा ना? आता नुसतं बोट दाखवतो."

आमच्या आकड्यांत हे चार दिवस सर्वांत चांगले होते: चावणं शून्य. ते आकडे घेऊन मी रेवाच्या बाबांसमोर बसू शकले असते. त्याऐवजी नीलला परत आणायचं ठरवलं, आणि या प्रकरणातला सगळ्यांत अवघड निर्णय हाच होता, कारण आणायचं कारण पालकांना पटेल अशा भाषेत सांगता येत नव्हतं. मूल गप्प झालं की चावणं थांबतंच. आम्हाला तसं थांबवायचं नव्हतं.

काय केलं: वही

आता धाकट्या ताईंचा पाचवा पर्याय उरला होता. कपाटाच्या दारावर उंचावर एक मोठा कागद चिकटवला, दोरीने पेन्सिल बांधली. दहा कामाचे दिवस, प्रत्येक चावणं आणि चावायचा प्रत्येक प्रयत्न, कुणाचाही. खूण उठली नाही तरी लिहायचं. मी रोज दीड तास कोपऱ्यात बसून बघणार होते.

वर्तनाची नोंद ठेवताना साधारण तीन रकाने असतात: आधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. आम्ही वेळ आणि जागा जोडली. धाकट्या ताईंनी आणखी एक रकाना काढला: त्या क्षणी दोन्ही ताईंचे हात कशात होते. मला तो थोडा आगाऊपणा वाटला, जणू आम्ही आपलीच झडती घेतोय. सगळ्यांत जास्त बोलला तो तोच रकाना.

दहा दिवसांत १९ नोंदी झाल्या. नीलच्या ९. उरलेल्या १० तीन वेगवेगळ्या मुलांच्या: एकाच्या पाच, एकाच्या तीन आणि दोन रेवाच्या. म्हणजे खोलीत चावणं होत होतं त्याचा निम्म्याहून जास्त भाग नीलबाहेरचा होता. आधीच्या वहीत सातांतल्या सहा त्याच्या दिसल्या, कारण आम्ही त्याच्याकडेच बघत होतो आणि खूण उठली तरच लिहीत होतो.

वेळ पाहिली तर १२ नोंदी ११:१० ते ११:३५ मधल्या. चार फडताळापाशी, ट्रक किंवा फोनवरून. तीन विखुरलेल्या.

११:१० म्हणजे जेवणाआधी हात धुवायची वेळ. त्यापैकी एक दिवस माझ्या कोपऱ्यातून दिसला तसा सांगते. मुलांची 'आगगाडी' झाली आहे, प्रत्येकाने पुढच्याचा सदरा धरलाय. नळ दोन आहेत, पण हात धुववणारी ताई एकच, कारण दुसरी ताट-वाट्या मांडतेय. एका मुलाच्या बाह्या वर करणं, साबण, पाणी, पुसणं याला दीड मिनिट लागतं. बारा मुलं म्हणजे अठरा मिनिटं. पहिला मुलगा खूश आहे. चौथा वळून मागे बघतोय. आठव्या जागी नील आहे. तो पुढे पाऊल टाकतो, रांग हलत नाही, त्याचं नाक पुढच्या मुलीच्या पाठीला लागतं. मागून कुणीतरी रेटतं. पुढच्या मुलीचा खांदा बरोबर त्याच्या तोंडासमोर आहे. तो तोंड उघडतो, खांद्यावर ठेवतो, मग दात दाबतो. यात राग दिसला नाही मला. कंटाळा, गर्दी आणि तोंडासमोर आलेलं काहीतरी, एवढंच. वेळ ११:१९. शेवटच्या रकान्यात लिहिलं गेलं: एका ताईंचे हात साबणात, दुसरीच्या हातात ताटं.

त्या संध्याकाळी जुनी अपघात नोंदवही काढली. जखमेची जागा लिहायचा रकाना त्यात पहिल्यापासून होता. सातांतल्या चार नोंदी: खांदा, दंड, पाठीचा वरचा भाग, खांदा. रांगेत उभ्या मुलाच्या तोंडासमोर पुढच्याचं जे येतं ते. उत्तर आमच्याच अक्षरात तीन आठवडे पडून होतं. ट्रकवरून तीन नोंदी झाल्याची आमची आठवणही खोटी निघाली. ट्रकच्या दोनच होत्या. तिसरी रेवाच्या गालाची, रांगेतलीच. ती मागे वळली म्हणून खांद्याऐवजी गाल आला.

काय बदललं

रांग बंद केली. बदल एवढाच, आणि त्याला खर्च काही नव्हता. ताट-वाट्या मदतनीस मावशी आधीच मांडून ठेवू लागल्या. एक ताई तिघा-तिघांना हात धुवायला नेई, बाकीची नऊ दुसऱ्या ताईंबरोबर जमिनीवर खेळत किंवा गाणं म्हणत. कुणी थांबत नव्हतं, कारण थांबण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्याआधीच्या पाऊण तासाकडेही बघावं लागलं. ११:१०च्या आधी आम्ही गोष्ट, चित्रं, मण्यांचं काम असं बसून करायचं ठेवलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या शिफारशींप्रमाणे एक ते चार वयाच्या मुलांची दिवसभरात किमान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. आमची बेरीज त्याच्या जवळपासही जात नव्हती. मैदानातला खेळ जेवणाआधी आणला, गोष्ट जेवणानंतर झोपेकडे नेली.

ट्रक तीन झाले, फोन तीन. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळातल्या सहभागाच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली समांतर खेळ ही पायरी या वयाची खास: दोघं शेजारी बसतात, सारखंच खेळतात, पण एकमेकांबरोबर खेळत नाहीत. अशा दोघांत एकच ट्रक ठेवला तर वाटून घेणं शिकवलं जात नाही, भांडण लावलं जातं. वाटून घेणं वर्षभराने शिकवता येतं.

चावणं झालंच तर काय करायचं तेही ठरलं. आधी ज्याला लागलं त्याच्याकडे जायचं, त्याला जवळ घ्यायचं. मग चावणाऱ्याकडे, त्याच्या उंचीला येऊन, दोन वाक्यं: "चावायचं नाही. तिला दुखलं." भाषण नाही. आणि लगेच हवा असलेला शब्द द्यायचा: "सरक" किंवा "मला". शब्द जमत नाही तोवर हाताची खूण, तळवा पुढे: थांब. नीलने ती खूण दोन दिवसांत उचलली आणि पुढचा आठवडाभर जेवणाच्या ताटालाही 'थांब' केलं.

पालकांशी फाटकापाशी बोलणं बंद. झोपेच्या वेळात एक फोन, आणि त्यात चावण्याशिवाय दिवसातली दुसरी एक गोष्ट.

कान

बघताना एक वेगळी गोष्ट दिसली. नळ सुरू असताना मागून हाक मारली की नील वळायचा नाही. शांत खोलीत वळायचा. मी ते तीनदा लिहिलं आणि मग त्याच्या आईला कान तपासून घ्या म्हटलं. दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलेलं निघालं. या वयात हे खूप आढळतं. ऐकू येतं, पण कानात कापूस घातल्यासारखं, आणि बोलणं मागे पडू शकतं. बहुतेक वेळा पाणी आपोआप ओसरतं, म्हणून डॉक्टरांनी तीन महिने वाट बघायला सांगितलं.

कानामुळे नील चावत होता, असं म्हणून हे प्रकरण मिटवणं सोपं आहे. मी म्हणणार नाही. बाकीची तिघं ऐकण्याची कसलीही तक्रार नसताना चावत होतीच. पण गोंगाटात कधी आपला नंबर येतो हे न कळणाऱ्या मुलाला रांग इतरांपेक्षा लांब वाटत असणार, एवढं नक्की.

परिणाम

बदलानंतरच्या दहा कामाच्या दिवसांत सहा नोंदी, पुढच्या दहांत तीन, त्यापुढच्या दहांत एक. या एकूण दहा नोंदींतल्या चार नीलच्या. हात धुण्याच्या वेळेतली फक्त एक, तीही मावशी रजेवर असल्याने ताट-वाट्या मांडणं परत ताईंकडे आलं त्या दिवशीची.

कोणत्या बदलाने किती काम केलं ते सांगता येणार नाही. रांग, मैदान, ट्रक, शब्द, सगळं एकाच आठवड्यात बदललं. अभ्यास म्हणून हे चुकीचं. रोज मुलं चावत असताना एकेक बदल करून थांबायला मात्र मी आजही तयार होणार नाही.

तीन महिन्यांनी नीलचा एक कान मोकळा झाला, दुसऱ्यासाठी पुढच्या तपासण्या सुरू होत्या. शब्द वाढले. ३२ महिन्यांचा असताना त्याने ट्रक छातीशी धरून "माझा नंतल तुझा" म्हटलं. धाकट्या ताईंनी ते कपाटावरच्या कागदावर चावण्याच्या नोंदींखालीच लिहून ठेवलं, वेळेसकट.

वेगळं काय करता आलं असतं

वहीने सुरुवात करायला हवी होती. सावली आणि नर्सरी मिळून दोन आठवडे गेले आणि त्या दोन आठवड्यांची किंमत नीलने ओल्या चड्डीत आणि गप्प बसण्यात मोजली. 'पालक थांबणार नाहीत' हे मी गृहीत धरलं, विचारलं नाही. आम्ही दहा दिवस बारकाईने बघणार आहोत, त्यात कोण कोण असेल, आणि अमुक तारखेला तुम्हाला कळवू, असं सांगितलं असतं तर कदाचित मुदत मिळाली असती.

प्रवेशाच्या फॉर्मवर शब्दांची संख्या लिहायची आणि ती कमी असली तर पुढे काहीच करायचं नाही, याला अर्थ नव्हता. आता त्या रकान्यापुढे आणखी एक आहे: ऐकण्याची तपासणी कधी झाली.

सगळ्यांत मोठी चूक रेवाच्या घरच्यांशी झाली. प्रत्येक मुलाच्या चावण्याची माहिती त्याच्या स्वतःच्या पालकांना द्यायची, हा नियम. रेवाच्या दोन नोंदी वहीत आल्या तेव्हा लगेच फोन करायला हवा होता. मी दहा दिवस पूर्ण व्हायची वाट बघितली. ते दोघं नीलचं काय झालं हे विचारायला आले त्याच बैठकीत मी ते सांगितलं. बाबांना वाटलं मी उट्टं काढतेय. माझ्या मनात तसं नव्हतं, पण क्रम तसाच दिसत होता. "मग आधी का नाही सांगितलंत?" या प्रश्नाला खरं उत्तर 'आधी कुणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं' हे होतं, आणि ते मी दिलं. त्याने काही सावरलं नाही.

महिनाअखेर त्यांनी रेवाला काढलं. शेवटच्या दिवशी आई आली, कपड्यांचा जोड आणि चित्रांची फाइल घेतली आणि वहीतल्या रेवाच्या नोंदींची प्रत मागितली. बाकीच्या मुलांची नावं झाकून आम्ही ती काढून दिली. पानावर चार ओळी उरल्या. दोनदा ती चावली होती, दोनदा तिला कुणीतरी चावलं होतं. वेळा होत्या ११:१४, ११:२२, ११:२६ आणि ११:३१.